तुळसाबाईंची सहस्रकुंडावरील आकाशस्वारी

श्री शालिवाहन शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरे, अधिक भाद्रपद मासी, वऱ्हाड प्रांती, परगणे वाशीम, मौजे केनवड येथे जो अघटित प्रकार जाहला, आणि ज्याची वार्ता रिसोडच्या बाजारापासोन कारंजाच्या अडतीपर्यंत पसरोन ज्याने त्याने तीत आपापल्या मगदुराप्रमाणे तिखटमीठ घातले, कोणी म्हणाले बाई उडाली, कोणी म्हणाले पडली, कोणी म्हणाले सरकारने धरोन नेली, तो सारा मजकूर निवडोन, पाखडोन, खडे बाजूस काढोन ठेवावा ऐसें मनी आणोन ही बखर लिहिली असे. लिहिणाराने कोणाची भीड धरिली नाही आणि कोणाकडोन शेला-पागोटे घेतले नाही. तुळसाबाईंनी वानवळा म्हणोन धाडलेली चार वांगी मात्र घेतली. परंतु ती लिहावयास बसण्यापूर्वीच खाल्ली असल्यामुळे त्यांचा लिहिण्याशी संबंध नाही.

मौजे मजकुरी उत्तमराव माळी म्हणोन बागाईतदार होते. त्यांची दौलत म्हणजे नाल्याकाठी अडीच एकर जमीन, एक बांधीव विहीर, एक म्हैस आणि कुटुंब तुळसाबाई. पैकी पहिल्या तिहींवर उत्तमरावांचा अंमल चाले आणि उत्तमरावांवर चौथीचा. बाईंचे वय पन्नाशीच्या आत-बाहेर, अंगकाठी बारीक, आवाज थोर. बाई बाजारी भाजी मांडोन बसल्या म्हणजे गिऱ्हाइकास भाव पाडोन मागण्याची छाती होत नसे आणि जो मागे तो दुसरे हप्ती दुसऱ्या रांगेने जाई, ऐसा दरारा.

या बाईंस थोरली बहीण एक, प्रयागबाई नामे. तीस पैनगंगेच्या तीरी, सहस्रकुंड म्हणोन जो नामांकित धबधबा आहे, त्यापासोन अर्ध्या कोसावर बोरगव्हाण गावी दिले होते. बारा वर्षांमागे उभयता बहिणी आईच्या तेरवीस माहेरी जमल्या असता, पंगती उठल्या आणि मग सुपारी कातरता कातरता बोलण्यात बोल निघाला. प्रयागबाईंनी फर्माविले की आमच्या गावचे पाणी ऐसें कोसळते की आवाज घरात येतो, उभा देश पाहावयास लोटतो. त्यावर तुळसाबाईंनी जबाब केला की पाणी वरोन पडते यात नवल ते काय, आमच्या मोटेचेही वरोनच पडते. हा बोल प्रयागबाईंच्या काळजी लागोन त्या बोलल्या, "तू विहिरीतली बेडकी वं! तुले तं तो जन्मात दिसाचा नाही." तेव्हा तुळसाबाई पदर खोचोन उभ्या राहिल्या आणि भर मांडवात, पंचवीस माणसांदेखत म्हणाल्या, "तुह्या गावच्या वाटेवर पाय ठेवीन तं नावाची तुळसा नाही!"

ऐसी प्रतिज्ञा जाहली आणि तेथोन पुढे बारा वर्षे युद्ध मांडले. भाचीचे लग्न जाहले, बाई गेल्या नाहीत, लुगडे धाडिले. नातवाचे बारसे जाहले, बाई गेल्या नाहीत, कुंची धाडिली. दोन वर्षांमागे प्रयागबाईंचे यजमान वारले, तेव्हा उत्तमराव एकटेच गेले, आणि तुळसाबाई तो दिवसभर मळ्यात खुरपीत बसल्या, आणि जेथे गवत नव्हते तेथेही खुरपीत होत्या ऐसें शेजारचे सांगतात. त्या दिवसापासोन प्रतिज्ञेचे ओझे बाईंस जड जाहले. परंतु पंचवीस माणसांदेखत चढविलेले निशाण उतरावे कैसे, आणि उतरविले तर बाजारात बसावे कोणत्या तोंडाने, हा पेच सुटेना.

ते साली पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अळीची फौज अतोनात चालोन आली. मग सरकारातोन मसलत होवोन, औषध फवारण्यास हेलिकॉप्टर म्हणोन जे पंख डोईवर घेवोन उडणारे यंत्र, ते केनवडास नामजाद जाहले. त्यावर कप्तान दौलतसिंग, परमुलखीचे, मिशा झोकदार, मराठी बोली अवगत नाही. समागमे कृषी खात्याचे पंजाबराव खिल्लारे, राहणार जऊळका, मॅट्रिक पास, वडिलांनी मजुरी करोन शिकविलेले, हाती सदा नियमांचे पुस्तक आणि त्यातील एक अक्षरही इकडचे तिकडे होवो न देणारे. यंत्रास उतरावयास मोकळी जागा पाहिजे आणि औषध कालवावयास पाणी पाहिजे, सबब उत्तमरावांचे विहिरीजवळील पडीत रान मुक्रर केले.

यंत्र उतरले तो वावटळ सुटोन उत्तमरावांचे पागोटे विहिरीत गेले, आणि दोडक्याचा मांडव वेलांसकट उठोन शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जावोन पडला. हे पाहताच तुळसाबाई हाती खुरपे घेवोन त्या धुळीत शिरल्या. गावची शूर माणसे मागे सरली, बाई पुढे गेल्या, आणि कप्तान खाली पाय ठेवितो न ठेवितो तोच म्हणाल्या, "काहून रे, तुह्या मायनं तुले असंच उतराले शिकवलं काय? माणसाच्या घरी येऊन राह्यला का लुटाले?" कप्तानास शब्द एकही कळला नाही, अर्थ सगळा कळला. त्याने टोपी काढिली आणि अर्ज केला, "माताजी, गलती हो गई." पंजाबरावांनी भाषांतर करावयास तोंड उघडिले तो बाईंनी हात केला की राहू द्या, समजले.

मग तह ठरला की यंत्राने विहिरीच्या पलीकडे उतरावे, कप्तानाने मांडव पुन्हा उभा करोन द्यावा, आणि बाईंनी कप्तानास दोन वेळ जेवू घालावे. शेवटचे कलम कोणी मागितले नव्हते, बाईंनीच घातले; कारण माणूस उपाशी राहिला म्हणजे त्यास रागे भरता येत नाही, ऐसा बाईंचा कायदा. त्याप्रमाणे कप्तान सकाळी आकाशात फिरे आणि दुपारी उत्तमरावांसमागमे बांबू रोवी, सुतळी बांधी आणि वांग्याची भाजी, भाकर, ठेचा ऐसें जेवोन डोळ्यांतील पाणी पुशीत म्हणे, "माताजी, और थोड़ा."

ऐसे आठ दिवस गेले आणि मग टपाल आले. कार्ड एक, बोरगव्हाणाहून. बाईंस अक्षरओळख नाही, उत्तमरावांचा चष्मा फुटलेला, सबब पंजाबरावांनी वाचिले. लिहिणार प्रयागबाईंची सून. कार्डात मजकूर की, सासूबाईंचे डोळे जात चालले आहेत, डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, आता उजेड आणि सावली इतके दिसते. तुमचे नाव रोज घेतात. मी कार्ड टाकू का विचारले तर टाकू नको म्हणाल्या, म्हणोन न विचारता टाकिते.

पंजाबरावांनी वाचणे पुरे केले.  बाई उठल्या, चुलीकडे गेल्या आणि सर्वांस वाढिले, आपण जेवल्या नाहीत. सायंकाळीही जेवल्या नाहीत. भीमासारखा पुरुष उपाशी राहावा आणि बाईंनी राहू नये ऐसी घरची रीत, सबब उत्तमराव घाबरे जाहले. हे गृहस्थ अल्पभाषी. वर्षास चार शब्द बोलत, परंतु बोलत ते तोलोन. ते बाजेवर बसले, तंबाखू मळिली आणि हळूच पुसिले, "तू वाटेवर पाय ठेवणार नाही म्हणली होती ना?"

"व्हय."

"आभायात वाट असते काय?"

बाईंनी मान वर करोन आभाळाकडे पाहिले. उत्तमरावांनी तंबाखू दाढेस धरिली. त्या वर्षीचा त्यांचा शब्दांचा ऐवज तेथेच खर्ची पडला.

दुसरे दिवशी शोध केला तो पंजाबरावांनी सांगितले की, फवारणीचा पुढील तळ पैनगंगेपलीकडे, सहस्रकुंडाजवळच्या माळावर पडणार, यंत्र उद्या शुक्रवारी सकाळी रिकामे जाणार, आणि कप्तानाजवळ एक जागा आहे. कप्तानास विचारिता तो छातीवर हात ठेवोन बोलला की माताजींस नेईन, आणि धबधब्यावरोन एक सोडोन तीन चकरा मारीन, जे दृश्य राजेरजवाड्यांस मिळत नाही ते दाखवीन.

परंतु मोठ्या कार्यास विघ्न ठेवलेलेच. गावचे सरपंच शेषराव, देहाने विशाल, कीर्तीने त्याहून विशाल, यांचे कानी ही वार्ता जाताच त्यांनी दावा मांडिला की गावातोन प्रथम कोणी उडावयाचे असेल तर गावच्या प्रथम नागरिकाने उडावे, हा दस्तूर; आणि बाई माणसाने वरोन जावे आणि सरपंचाने खालून मान वर करोन पाहावे हे पंचायतीच्या अब्रूस शोभत नाही. चावडीपुढे दोन तट पडले. तेव्हा पंजाबरावांनी पुस्तक उघडिले आणि निवाडा दिला की, यंत्रावर फवारणीची नळकांडी चढविलेली आहेत, सबब बसणारा आणि त्याचे सामान मिळोन साठ किलोचे वर वजन घेता येत नाही, मग तो नागरिक पहिला असो की शेवटला. निवाडा काट्यावर व्हावा.

मग सारा गाव धान्याच्या अडत्याचे दुकानी लोटला. प्रथम शेषराव काट्यावर चढले. काट्याने ब्याण्णव दाखविले. शेषरावांनी पायताण काढिले, मग कोट काढिला, मग मनगटी घड्याळ काढिले, आणि मग श्वास सोडोन उभे राहिले. परंतु काटा एकोणनव्वदावर जो अडोन बसला तो हालेना. नंतर तुळसाबाई चढल्या, शेहेचाळीस. मग त्यांचे गाठोडे चढविले. त्यात धोंड्याच्या महिन्याचे अनारसे, तुरीची डाळ, वांगी, दोडकी, बहिणीस लुगडे आणि एक थोरला भोपळा. एकंदर बेरीज त्रेसष्ट. पंजाबरावांनी मान हालविली. बाईंनी भोपळा काढोन शेषरावांच्या हाती दिला आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "घ्या सरपंचसाहेब. वरतं जाचं नसीबात नाही, तं भाजी तरी खा." लोक हासले, आणि शेषरावही थोर मनाचे, भोपळा पोटाशी धरोन तेही हासले, आणि येणेप्रमाणे घरचे युद्ध रक्तपातावाचोन मिटले.

अधिक भाद्रपद वद्य पंचमी, शुक्रवार, सूर्य कासराभर वर आला असता स्वारीने कूच केले. बाई हिरवे लुगडे नेसल्या, कपाळी आडवे कुंकू लाविले, गाठोडे मांडीवर घट्ट धरिले. सारे केनवड पाहावयास उभे. उत्तमराव पागोटे दोन्ही हातांनी धरोन यंत्राजवळ गेले आणि त्यांस बहुत बोलावयाचे होते, परंतु इतकेच निघाले, "सांभायजो वं." बाई म्हणाल्या, "म्हशीले पेंड टाकजा." आणि पंखे फिरले आणि धूळ उठली आणि जमीन बाईंच्या पायांखालोन निघोन गेली.

आता सत्य लिहावे तर, यंत्र कडुलिंबाच्या शेंड्याइतके वर जाताच बाईंनी डोळे मिटिले. डावा हात गाठोड्यावर, उजव्याने कप्तानाची बाही धरिली ती सोडिली नाही. मग वाशीमचा मुलूख डावीकडे राहिला आणि पुढे पैनगंगा भेटली आणि तिची रेघ धरोन यंत्र सव्वा तास चालिले. खाली ज्वारी, पऱ्हाटी, तूर, जागोजागी तळ्यांचे आरसे, बैलांच्या रांगा मुंग्यांसारख्या. हे सारे कप्तानाने मागाहून सांगितले ते लिहिले असे. बाईंनी पाहिले नाही. मग सहस्रकुंड आले. भरल्या भाद्रपदाची नदी, काळा कातळ फाटोन त्यात उभी लोटलेली, खालोन तुषार उठोन धुराचा खांब उभा, त्यात ऊन शिरोन इंद्रधनुष्याचे कडे पडलेले. कप्तानाने यंत्र कलते करोन फेर धरिला आणि ओरडोन हाकारिले, "देखो माताजी, देखो!" एक चक्कर जाहली, बाईंनी पाहिले नाही. दुसरी जाहली, पाहिले नाही. तिसऱ्या चकरेस बाईंनी देवाचे नाव घेवोन एक डोळा उघडिला. खाली पांढरे काही ढासळत होते. बाईंनी डोळा मिटिला. एक डोळा, एक पळ, इतकी सहस्रकुंडाची भेट जाहली, आणि मग यंत्र माळावर उतरले.

तेथे नवा पेच. माळ आणि गाव यांमध्ये अर्धा कोस, आणि मध्ये आडवी पडली ती वाट. कप्तान उतरला, गाठोडे उतरले, बाई उतरेनात. कप्तानाने दोन हात जोडोन विनविले. बाईंनी फर्माविले, "इथून पुढं वाट हाये. मी नाही उतरत. बहीण आली तं भेटीन, नाही तं चाल परत." कप्तान डोके धरोन बसला. तोवर बोरगव्हाणची माणसे धावली आणि त्यांतील एकाने मागे जावोन प्रयागबाईंचे ओट्यावर खबर दिली की, आभाळातोन गाडी उतरली आहे, तीत हिरव्या लुगड्याची बाई बसली आहे, नाव सांगत नाही, खाली येत नाही आणि कोणाचेच ऐकत नाही.

प्रयागबाई म्हणाल्या, "तुळसाच ते."

आणि त्या उठल्या. सुनेने हात धरू म्हटले, धरू दिला नाही. काठी घेवोन निघाल्या, कारण पायाखालची वाट पन्नास वर्षांची, तीस डोळे कशास पाहिजेत ऐसें त्यांस वाटले. तुळसाबाईंनी यंत्राच्या काचेतोन पाहिले. दुरोन एक म्हातारी येत होती. बाईंच्या ध्यानातील बहीण ठसठशीत, डोईवर दोन घागरी घेवोन ताठ चालणारी. ही वाळलेली, पांढऱ्या कपाळाची, काठीने पुढचे चाचपणारी. बाईंस प्रथम ओळख पटली नाही. मग वाटेत बैलगाडीच्या चाकोरीची खाच आली, ती प्रयागबाईंस दिसली नाही, काठी चुकली आणि त्या गुडघ्यावर पडल्या.

"बाई वं!" ऐशी हाक माळावर उठली आणि तुळसाबाई यंत्रातोन उडी टाकोन धावल्या. पदर कोठे, पायताण कोठे, शुद्ध नाही. वाटेच्या मधोमध, धुळीत, बहिणीस उठवोन बसविले आणि तिचा गुडघा झाडू लागल्या. प्रतिज्ञा तुटली हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. यावर पुढे केनवडी बहुत चर्चा जाहली आणि उत्तमरावांच्या पक्षाने ऐसें प्रतिपादिले की ती वाट गावची नव्हे, गाडवाट असे, सबब वचन शाबूत. लिहिणाराने जागा पाहिली आहे. वाट गावचीच आहे.

प्रयागबाईंनी दोन्ही हातांनी बहिणीचे तोंड चाचपिले, कपाळ, कान, गालफडे. म्हणाल्या, "किती वाळली वं तू."

"तुले कुठं दिसून राह्यलं?"

"हाताले दिसते."

तुळसाबाईंनी बोलावयास तोंड उघडिले की भावजींच्या वक्ताला मी आली नाही.  तोच प्रयागबाईंनी त्यांचा हात दाबोन धरिला आणि म्हणाल्या, "चाल, भाकरी थंडी होते." त्या विषयाचा तह तेथेच, बिनकलमी, कायम जाहला.

दुपारी ओट्यावर उभयता बसल्या. धबधब्याचा आवाज येत होता. सूनबाई अनारशांचे ताट घेवोन आल्या. तेव्हा प्रयागबाईंनी, जो प्रश्न सकाळपासोन ओठी होता, तो टाकिला, "वरून कसा दिसते वं तो? आमी तं सारे खालूनच पाह्यला. वरून कोनी नाही पाह्यला."

येथे वाचणारांनी घटकाभर थांबावे आणि बाईंच्या हाती काय आले होते याचा विचार करावा. बारा वर्षांचे वैर, आणि विजय समोर ताटात वाढोन ठेविलेला. बोलाल ते खरे, तपासणार कोणी नाही. आणि ऐकणारीस तर डोळेच नाहीत. बाई म्हणाल्या, "पांढरा दिसते."

"अन्?"

"पीठ सांडते तसा."

"अन् मंग? इंद्रधनुष्य दिसलं असंन? ऊन होतं ना?"

तुळसाबाईंनी ताटाकडे पाहिले. मग बहिणीच्या त्या उघड्या, रिकाम्या डोळ्यांकडे पाहिले, आणि बाजारात जिने कधी वजनात मारिले नाही ती बाई बोलली, "काय सांगू बाई तुले. मी डोये मिटून बसली होती!"

 मग प्रयागबाईंच्या पोटातोन जे हासू निघाले ते आवरेना. त्यांनी ओट्याचा खांब धरिला, तोंडी पदर घातला, डोळ्यांतोन पाणी वाहिले, आणि सूनबाईंच्या हातोन तांब्या सुटला, कारण दोन वर्षांत त्या घरी असा आवाज जाहला नव्हता. "अरे देवा," प्रयागबाई म्हणाल्या, "मले दिसत नाही म्हून दिसत नाही, अन् इले दिसते तं हे मिटून घेते! मायनं काय जोडी पैदा केली!"

दुसरे दिवशी उभयता पायी सहस्रकुंडास गेल्या. तुळसाबाईंनी बहिणीचे मनगट धरिले, कातळावर ओली जागा चुकवोन बसविले, आणि जमिनीवर दोन पाय घट्ट रोवलेले असल्यामुळे दोन्ही डोळे सताड उघडिले.  प्रयागबाईंनी कोपर मारिले, "सांग ना वं!" तेव्हा बाई सांगो लागल्या. चार धारा थोरल्या, बारीक किती ते मोजिता येत नाही, डाव्या अंगाची सर्वांत मोठी. प्रयागबाई म्हणाल्या की डावी लहान, उजवी मोठी, मी पन्नास वर्षे पाहिली आहे. तुळसाबाई म्हणाल्या की औंदा डावीच मोठी, माझ्या डोळ्यांपुढे आहे. प्रयागबाई म्हणाल्या की तू उलट्या तोंडाने बसली असशील. आणि दोघी इतक्या मोठ्याने भांडो लागल्या की धबधबा पाहावयास आलेले लोक पाण्याकडे पाठ करोन यांच्याकडे पाहो लागले.

येणेप्रमाणे शके १८९६, अधिक भाद्रपद वद्य षष्ठी, शनिवारी, दोन प्रहरी, सहस्रकुंड प्रांत सर जाहला. ठाणे तुळसाबाईंचे बसले, अंमल प्रयागबाईंचा राहिला. उजवी धार की डावी, हा मामला अद्याप निकालास लागला नाही, आणि तो लावण्याकरिता तुळसाबाईंनी बोरगव्हाणी तळ वाढवोन तेथोनच सूनबाईंकडोन उत्तमरावांस कार्ड लिहवोन धाडिले आहे की सर्वपित्रीपर्यंत वाट पाहू नये.